डिस्क धडधाकट, डेटा कुलपात

माझ्या मामाचा नाशिकला फोटो स्टुडिओ आहे. लग्नं, मुंजी, डोहाळजेवणं, बारशी, सगळं काही. गेल्या वर्षी दिवाळीनंतर, म्हणजे ऐन लग्नसराईच्या तोंडावर, त्याचा फोन आला. "अरे, तुझा तो डबा बंद पडलाय."

"तुझा" अशासाठी, की तो डबा मीच बसवून दिला होता. नोकरीला लागल्यावर थोडे पैसे हातात आले आणि हौस म्हणून एक सेकंडहँड सर्व्हर घेतला. त्यात दोन-दोन टेराबाइटच्या चार डिस्क टाकल्या आणि रेड कार्डावर त्यांची मोट बांधली (ही रेड आयकरवाल्यांची नव्हे, ती पुढे येईलच). स्टुडिओतली चारही मशीन नेटवर्कवरून त्या डब्यात फोटो ठेवायची. वर मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं, "मामा, यातली एक डिस्क मेली तरी एकही फोटो जाणार नाही."

गंमत म्हणजे मी खोटं बोललो नव्हतो. एकही डिस्क मेली नव्हती. मेलं होतं ते कार्ड.

चारही डिस्क काढून मी एकेक करून साध्या पीसीला लावल्या. प्रत्येक डिस्क व्यवस्थित फिरत होती, तब्येतीचा रिपोर्ट स्वच्छ होता, आणि प्रत्येक वेळी कॉम्प्युटर तोच प्रश्न विचारत होता: ही डिस्क कोरी दिसते, फॉरमॅट करू का? मामा शेजारीच उभा होता. त्याला रेडबिड काही कळत नाही, पण "फॉरमॅट" हा शब्द चांगलाच कळतो. त्याचा चेहरा मला आजही आठवतो. मागच्या दोन मोसमांतल्या लग्नांची दुसरी कॉपी कुठेच नव्हती.

त्याच कंपनीचं, त्याच जातीचं कार्ड बाजारात मिळेना. ते मॉडेल बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. दुसरं कार्ड लावलं तर त्याने चारही डिस्कना "तुम्ही कोण?" असंच विचारलं.

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात घर करून बसला. डिस्क धडधाकट, त्यावरचा प्रत्येक बिट जागेवर, तरी वाचता येत नाही, हे कसं काय? अशी रचना कुठल्या शहाण्याने केली? शोधत गेलो तर कळलं की ती एका कुणाची नाहीच. सत्तरएक वर्षांच्या इतिहासात प्रत्येकाने आपापल्या जागी अगदी बरोबर निर्णय घेतला होता. हा सगळा इतिहास एकाच प्रश्नाभोवती फिरतो: शहाणपण कुठे ठेवायचं? कॉम्प्युटरात, कार्डात, की डिस्कमध्ये?

सुरुवात १९५६ ची. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये आयबीएमने रॅमॅक नावाचं मशीन जाहीर केलं. त्यातली डिस्क म्हणजे २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या एकावर एक. वजन साधारण एक टन आणि मावणार किती, तर ५० लाख अक्षरं. आजच्या मोबाइलमधल्या एका फोटोइतकी. तबकड्या फिरवायच्या आणि हात पुढेमागे न्यायचा, एवढंच डिस्कचं काम. बाकी सगळं डोकं बाहेरच्या कपाटांत. डिस्क म्हणजे नुसता हमाल.

आता थेट १९८० मध्ये येऊ. पुढे सीगेट नावाने ओळखल्या गेलेल्या कंपनीने त्या वर्षी एसटी-५०६ ही छोट्या कॉम्प्युटरसाठीची सव्वापाच इंची हार्ड डिस्क आणली. क्षमता ५ मेगाबाइट. ती कॉम्प्युटरातल्या कार्डाला दोन चपट्या केबलींनी जोडायची, एक ३४ तारांची, दुसरी २० तारांची. पहिलीवरून हुकूम जायचे: एक पाऊल आत सर, एक पाऊल बाहेर सर, तिसरं हेड निवड. दुसरीवरून डिस्कच्या चुंबकीय पृष्ठभागावरचे चढउतार जसेच्या तसे यायचे. त्यातून बिट कुठले, सेक्टर कुठे सुरू होतो, हे सगळं कार्डाने ठरवायचं. डिस्कला बाइट म्हणजे काय हेसुद्धा माहीत नव्हतं.

याचा परिणाम असा, की एका कंपनीच्या कार्डावर फॉरमॅट केलेली डिस्क दुसऱ्या कंपनीच्या कार्डाला लावली की बऱ्याचदा वाचताच यायची नाही. पुन्हा मुळापासून फॉरमॅट करा, म्हणजे डेटावर पाणी सोडा.

ओळखीचं वाटतंय? मलाही वाटलं. मामाचा प्रॉब्लेम माझ्या जन्माआधीच होऊन गेला होता. आणि सुटलाही होता!

सोडवणाऱ्यांत एक मुख्य नाव आहे लॅरी बूशे. ते नीट लक्षात ठेवा, हा गृहस्थ पुन्हा भेटणार आहे. अ‍ॅलन शुगार्टने १९७३ मध्ये शुगार्ट असोसिएट्स काढली आणि पुढच्याच वर्षी तो स्वतः तिथून बाहेर पडला (सीगेट ही त्याची नंतरची कंपनी). त्या शुगार्ट असोसिएट्समध्ये सत्तरच्या दशकाच्या शेवटी बूशेच्या टीमने डिस्क जोडायची एक नवी पद्धत तयार केली. कंपनीच्या नावावरून तिला सासी म्हणायचे.

कल्पना समजायला जुनं वाचनालय आठवा, तेही मुक्तद्वार नसलेलं. कपाटांपर्यंत तुम्हाला जाऊच देत नाहीत. तुम्ही काउंटरवर चिठ्ठी द्यायची: पुस्तक क्रमांक ५२०७. आतला माणूस जातो, पुस्तक आणून देतो. ते कुठल्या खोलीत, कुठल्या कपाटात, कितव्या फळीवर होतं, याच्याशी तुम्हाला देणंघेणं नाही. उद्या त्यांनी कपाटं हलवली तरी तुमची चिठ्ठी तीच राहते.

सासीने हेच केलं. कॉम्प्युटरने फक्त ब्लॉकचा नंबर सांगायचा. हात कुठे न्यायचा आणि हेड कुठलं वापरायचं हे डिस्कच्या बाजूच्या कंट्रोलरने बघायचं. प्रमाणभूत करताना एका कंपनीचं नाव चालणार नव्हतं, म्हणून नाव बदललं आणि १९८६ मध्ये अमेरिकन मानक म्हणून ते छापलं गेलं: स्मॉल कॉम्प्युटर सिस्टीम इंटरफेस. इंग्रजी आद्याक्षरांचा उच्चार "सेक्सी" व्हावा अशी बूशेची फार इच्छा होती म्हणे. लोकांनी त्याचं "स्कझी" केलं. मार्केटिंगचे बेत असेच फसतात :)

स्कझीच्या एका केबलवर आठ जण बसायचे, म्हणजे कॉम्प्युटरचं कार्ड आणि सात डिस्क. प्रत्येकाला वेगळा नंबर द्यायचा आणि केबलच्या दोन्ही टोकांना टर्मिनेटर लावायचा. तो विसरला की सिग्नल टोकाला आपटून परत येणार आणि मशीन कधी चालणार, कधी रुसणार. पण मोठी गोष्ट ही, की कॉम्प्युटरातलं कार्ड आता नुसता पोस्टमन झालं. आजही अशा कार्डाला होस्ट बस अ‍ॅडॉप्टर, थोडक्यात एचबीए म्हणतात. इकडची चिठ्ठी तिकडे द्यायची, आपलं डोकं चालवायचं नाही.

त्याच १९८६ च्या सुमारास वेस्टर्न डिजिटल आणि कॉम्पॅक यांनी हीच कल्पना स्वस्तात आणली. कंट्रोलर चक्क डिस्कच्या अंगावरच चिकटवला. हीच ती आयडीई, ४० तारांची चपटी केबल आणि मास्टर-स्लेव्हचे इवलेसे जंपरवाली. शहाणपण डिस्कमध्ये गेलं. कुठलीही डिस्क कुठल्याही कॉम्प्युटरला लावा, वाचता येणार. (निदान तेव्हा तरी.)

आता नेटवर्ककडे वळू. १९८४ मध्ये सन कंपनीने एनएफएस आणलं. डिस्क एका मशीनला जोडलेली, पण फाइल्स नेटवर्कवरच्या सगळ्यांना जणू आपल्याच असाव्यात अशा दिसतात. मामाच्या डब्याचं मूळ इथे आहे. एनएफएसच्या रूढ झालेल्या दुसऱ्या आवृत्तीत एक कडक नियम होता. सर्व्हरने "लिहिलं" असं उत्तर कधी द्यायचं? डेटा वीज गेली तरी टिकेल अशा जागी पोचल्यावरच. त्याआधी नाही.

नियम अगदी रास्त. सर्व्हर "लिहिलं" म्हणाला आणि पुढच्या सेकंदाला वीज गेली, तर तो शब्द मोडला ना? पण या प्रामाणिकपणाची किंमत मोठी होती. प्रत्येक छोट्या लेखनासाठी डिस्कची तबकडी फिरून योग्य जागा हेडखाली येईपर्यंत सगळे ताटकळत उभे.

आणि इथे पुन्हा आपले बूशेसाहेब. १९८१ मध्ये त्यांनी स्कझी कार्डांसाठी प्रसिद्ध झालेली अ‍ॅडॅप्टेक काढली होती. १९८७ मध्ये त्यांनी ऑस्पेक्स काढली, फक्त एनएफएस सर्व्हर बनवण्यासाठी. त्यांचा विचार असा: साधारण कॉम्प्युटर फाइल्स वाटायचं काम करतो तेव्हा त्याचा बराच वेळ भलत्याच कामांत जातो. मग कामाची वाटणी करू. नेटवर्कसाठी वेगळा प्रोसेसर, फाइल सिस्टीमसाठी वेगळा, डिस्कसाठी वेगळा. युनिक्स चालवणारा मुख्य कॉम्प्युटर एका बाजूला बसून नुसती देखरेख करणार. मशीन महाग, पण पळायचं जोरात.

ऑस्पेक्समध्येच डेव्ह हिट्झ आणि जेम्स लाऊ हे दोन इंजिनिअर होते. १९९२ मध्ये मायकेल माल्कमबरोबर त्यांनी नेटवर्क अप्लायन्स काढली, आजची नेटअ‍ॅप. त्यांनी आपल्या जुन्या साहेबाच्या बरोबर उलटं केलं. खास हार्डवेअर जवळजवळ नाहीच. साधा इंटेल ४८६, साधी स्कझी कार्डं, आणि सगळं शहाणपण सॉफ्टवेअरमध्ये. स्वयंपाकघरातल्या टोस्टरसारखा डबा असावा, वायर लावा आणि वापरा, हे त्यांचं स्वप्न.

एकच खास वस्तू त्यांनी ठेवली. बॅटरीवर तगणाऱ्या मेमरीचं छोटं कार्ड. विनंती आली की त्या मेमरीत तिची नोंद करायची आणि लगेच "लिहिलं" म्हणून कळवायचं. वीज गेली तरी बॅटरी नोंद सांभाळणार, म्हणजे नियम पाळला गेला. डिस्कवर मात्र दर काही सेकंदांनी सगळं एकदम, नीट रचून उतरवायचं. दुकानदार दिवसभर कच्च्या वहीत टिपतो आणि सवडीने पक्क्या खात्यावर चढवतो, तसंच. वेग मिळाला आणि शब्दही पाळला गेला. मला हे डिझाइन फार आवडतं.

आता रेड. मामाच्या गोष्टीतला मुख्य आरोपी.

१९८८ मध्ये बर्कलीच्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी एक पेपर लिहिला. मुद्दा सोपा होता. एका महागड्या मोठ्या डिस्कऐवजी पीसीतल्या स्वस्त डिस्क पुष्कळ घ्या आणि समांतर चालवा, स्वस्तात वेग मिळेल. अडचण अशी, की डिस्क जितक्या जास्त तितकी कुठलीतरी एक बंद पडायची शक्यता जास्त. म्हणून थोडी जादा माहिती ठेवायची. चार डिस्क असतील तर तीन तुकडे डेटाचे आणि चौथा त्या तिघांच्या एक्सॉरचा, म्हणजे पॅरिटीचा. कुठलाही एक तुकडा हरवला तरी उरलेल्या तिघांवरून तो काढता येतो. शाळेतल्या बेरजेसारखं: बेरीज आणि दोन आकडे माहीत असतील तर तिसरा आपोआप मिळतो. पॅरिटी एकाच डिस्कवर न ठेवता आळीपाळीने सगळ्यांवर फिरवली की झाली रेड ५.

कागदावर झकास. मग त्यांनी प्रत्यक्ष मशीन बांधलं: सनचा सर्व्हर, स्कझी कंट्रोलर आणि २८ डिस्क. एकटी डिस्क सेकंदाला १.३ मेगाबाइट द्यायची. मग २८ डिस्कनी मिळून प्रोग्रॅमच्या हातात किती द्यावेत? मिळाले २.३ मेगाबाइट! जेमतेम दोन डिस्कइतकेसुद्धा नाहीत. डिस्क तयार होत्या, पण सर्व्हरच्या मेमरीत डेटा इकडून तिकडे कॉपी करण्यातच सगळा दम जात होता. लग्नात वाढपी २८ आणि स्वयंपाकघराचं दार एकच, अशातली गत.

यातून धडा निघाला की मुख्य कॉम्प्युटरला मधून बाजूला करा. बर्कलीच्या पुढच्या मशीनमध्ये डिस्क आणि नेटवर्क यांच्यात स्वतंत्र बोर्ड होता आणि डेटा सर्व्हरच्या मेमरीला वळसा घालून जायचा. बाजारातही तोच विचार रुळला: डिस्कचं लचांड कॉम्प्युटरच्या गळ्यात नको, त्याच्यासाठी वेगळं डोकं हवं. नव्वदच्या दशकातली रेड कार्डं म्हणजे एकेक छोटा कॉम्प्युटरच. त्यावर इंटेलचा आय-९६० सारखा स्वतःचा प्रोसेसर, एक्सॉर करायची सोय, स्वतःची मेमरी, आणि ती मेमरी जिवंत ठेवायला बॅटरी.

बॅटरी चैनीची नव्हती. रेड ५ मध्ये डेटाचा एक तुकडा बदलला की पॅरिटीचाही बदलावा लागतो, आणि ही दोन लेखनं दोन वेगळ्या डिस्कवर होतात. एक झालं आणि दुसरं व्हायच्या आत वीज गेली तर? आता बेरीज आणि आकडे जुळत नाहीत, आणि ते कुणाला कळतही नाही. पुढे कधीतरी एखादी डिस्क मेली की त्या चुकीच्या बेरजेवरून चुकीचा तुकडा काढला जातो. याला राइट होल म्हणतात. अर्धवट राहिलेली कामं बॅटरीवाल्या मेमरीत जपून ठेवली की हे भोक बुजतं. म्हणजे त्या काळाच्या हिशोबात रेड कार्ड हा उत्तम निर्णय होता.

पण मघाचं वाचनालय आठवा. चार डिस्क मिळून एक मोठी डिस्क आहे, असं कार्ड कॉम्प्युटरला भासवतं. काउंटरवर आणखी एक काउंटर. खरं रजिस्टर, म्हणजे कुठली डिस्क पहिली, तुकडा केवढा, पॅरिटी कुठल्या क्रमाने फिरते, हे कार्डाच्या पोटात आणि डिस्कच्या एका कोपऱ्यात, त्या कंपनीच्या खासगी लिपीत. ग्रंथपाल वारला, नवा आला, आणि रजिस्टर मोडीत! पुस्तकं सगळी आत आहेत, पण काउंटर मिटलेला.

ही लिपी सगळ्यांची एकच असावी म्हणून २००० च्या दशकाच्या मध्यात उद्योगातल्या संघटनेने डीडीएफ नावाचा सामाईक नमुना काढला. काहींनी तो घेतला, काहींनी नाही. कार्डविक्रेत्याच्या दृष्टीने बघितलं तर गिऱ्हाईक आपल्याच कार्डाशी बांधलेलं राहिलं तर वाईट काय?

दरम्यान केबली बारीक झाल्या. आयडीईच्या चपट्या केबलवर सोळा बिट शेजारशेजारून धावायचे आणि सगळे एकाच वेळी पोचणं गरजेचं. वेग वाढवत नेला तसे ते मागेपुढे पोचू लागले, एकमेकांच्या तारांत कुजबूज ऐकू येऊ लागली. १३३ मेगाबाइटपाशी ही वाट संपली. २००३ मध्ये साटा आली: सात पिनांची केबल, बिट एकामागून एक, आणि प्रत्येक डिस्कला आपली स्वतंत्र तार. स्कझीनेही तेच करून एसएएस, म्हणजे सॅस, हे नाव घेतलं. सॅसच्या सॉकेटमध्ये साटा डिस्क बसते, उलट मात्र नाही. घराघरांतले, ऑफिसातले स्वस्त डबे शक्य झाले ते या सोयीमुळे. एका जाड केबलमधून चार डिस्कच्या चार वाटा, कंट्रोलर तोच.

मग २००५ मध्ये सनने झेडएफएस खुलं केलं. जेफ बॉनविक, मॅथ्यू अ‍ॅरन्स आणि मंडळींनी २००१ पासून घडवलेली ही फाइल सिस्टीम. त्यांचा विचार नेमका उलट दिशेने गेला. प्रोसेसर आता इतके वेगवान झालेत की एक्सॉर हा किस झाड की पत्ती. मग रेड कार्ड हवं कशाला? उलट ते मध्ये असण्यानेच तोटा होतो, कारण ते डिस्कबद्दलची खरी माहिती झाकून ठेवतं. झेडएफएस प्रत्येक ब्लॉकची चेकसम काढते आणि ती ब्लॉकशेजारी न ठेवता त्याच्याकडे बोट दाखवणाऱ्या वरच्या ब्लॉकमध्ये ठेवते. म्हणजे डिस्कने चुकीचं किंवा जुनं काही दिलं तरी पकडलं जातं. आणि राइट होल? जुन्या जागेवर लिहायचंच नाही. नवं नव्या जागी लिहून पूर्ण झालं की मगच बोट हलवायचं.

डिस्क खरंच खोटं बोलतात का? २००८ मध्ये एक मोठा अभ्यास आला. नेटअ‍ॅपच्या ग्राहकांकडच्या १५.३ लाख डिस्क ४१ महिने पाहिल्या. चेकसम न जुळण्याचे चार लाखांहून जास्त प्रसंग सापडले. डिस्क मेल्याचे नव्हेत हं, डिस्क मुकाट्याने चुकीचा डेटा देत असल्याचे!

२००६ मध्ये सनने थंपर या टोपणनावाचा सर्व्हर काढला. ४८ साटा डिस्क, आठ-आठ डिस्क सांभाळणाऱ्या सहा साध्या चिप्स, आणि रेड कार्ड एकही नाही. सगळं झेडएफएसच्या भरवशावर. सन २०१० मध्ये ओरॅकलच्या पोटात गेली, पण विचार राहिला. इतका राहिला, की लोक जुन्या सर्व्हरमधली रेड कार्डं स्वस्तात घेऊन त्यांचं फर्मवेअर बदलू लागले. या दुसऱ्या फर्मवेअरला आयटी मोड म्हणतात (आपल्या आयटीचा काही संबंध नाही). त्याने कार्डातली सगळी रेडगिरी निघून जाते आणि उरतो पुन्हा तोच १९८० च्या दशकातला साधा पोस्टमन. पैसे देऊन घेतलेलं शहाणपण मेहनत करून काढून टाकायचं!

झेडएफएस काय किंवा लिनक्सचं एमडी काय, रजिस्टर डिस्कवरच लिहिलेलं असतं आणि त्याची लिपी जगजाहीर असते. डिस्क काढा, भलत्याच मशीनला, भलत्याच क्रमाने लावा, सॉफ्टवेअर रजिस्टर वाचून सगळं जुळवून देतं.

मग गोष्ट सुखांत झाली का? तसंही नाही. २०२० च्या एप्रिलमध्ये उघड झालं की नेटवर्क स्टोरेजसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या वेस्टर्न डिजिटलच्या रेड मालिकेतल्या काही डिस्क एसएमआर पद्धतीच्या होत्या आणि खोक्यावर तसं लिहिलेलं नव्हतं. एसएमआर म्हणजे घराच्या कौलांसारखी रचना. एका ओळीवर दुसरी थोडी चढवली की तेवढ्याच जागेत जास्त ओळी मावतात. पण मधलंच कौल बदलायचं तर त्याच्यावरची सगळी काढावी लागतात. डिस्क ही कसरत आतल्या आत, गुपचूप करते. एरवी कळत नाही. पण मेलेल्या डिस्कच्या जागी नवी घालून दिवसभर सलग लिहायची वेळ आली की ती हाशहुश करू लागते, आणि वरचं सॉफ्टवेअर तिला मेलेली समजून बाहेर काढतं. बोंब झाल्यावर कंपनीने कुठल्या डिस्क तशा आहेत याची यादी जाहीर केली. १९८६ मध्ये शहाणपण डिस्कमध्ये ठेवून आपण निर्धास्त झालो होतो. चौतीस वर्षांनी त्या झाकणाखालून हे निघालं. एनव्हीएमई एसएसडी तर मध्ये पोस्टमनसुद्धा ठेवत नाहीत, थेट कॉम्प्युटरच्या बसवर बसतात. पण कुठला ब्लॉक खरोखर कुठे आहे, हे त्यांच्या आतल्या कंट्रोलरशिवाय कुणालाही माहीत नसतं.

म्हणजे शहाणपण कुठे ठेवायचं या प्रश्नाला कायमचं उत्तर नाहीच. ते कॉम्प्युटरातून कार्डात गेलं, कार्डातून डिस्कमध्ये, पुन्हा कार्डात, मग सॉफ्टवेअरमध्ये. दर वेळी कारण खरं होतं. माझ्या मते विचारायचा प्रश्न वेगळा आहे: ज्याच्याकडे शहाणपण आहे तो मेला, तर त्याचं रजिस्टर दुसऱ्या कुणाला वाचता येईल का?

असो. मामाच्या फोटोंचं काय झालं?

आधी चारही डिस्कच्या जशाच्या तशा कॉपी काढल्या. एकेकीला साडेचार-पाच तास. मूळ डिस्क कपाटात ठेवून दिल्या. मग हिशोब मांडला. कार्डाबरोबर नक्की काय हरवलं होतं? फक्त तीन उत्तरं. डिस्कचा क्रम कुठला: २४ शक्यता. पॅरिटी फिरायची पद्धत: प्रचलित चार. तुकड्याचा आकार: बहुधा पाचांपैकी एक. २४ गुणिले ४ गुणिले ५, म्हणजे ४८०. सहा टेराबाइटची जागा या ४८० च्या कुलपात अडकली होती.

दोन डिस्कच्या सुरुवातीला पार्टिशन टेबल दिसत होतं. एकीवर खरं, दुसरीवर त्याची पॅरिटी (बाकीच्यांवर तिथे शून्यं होती, त्यामुळे बेरीजही तीच आली). तेवढ्याने शक्यता बऱ्याच कमी झाल्या. पुढे लिनक्सवर एकेक जुळणी फक्त वाचण्यापुरती लावायची आणि एखादा मोठा फोटो उघडून बघायचा. चुकीची जुळणी असली की वरच्या पट्टीत नवरीच्या मुंडावळ्या आणि खाली राखाडी चिखल. दुसऱ्या शनिवार-रविवारी, रात्री दीडच्या सुमारास, ६४ किलोबाइटवर एक फोटो वरपासून खालपर्यंत उघडला. कुणाचं लग्न होतं मला माहीत नाही. अक्षता पडत होत्या आणि मागे एक काका तोंड वाकडं करून जांभई देत होते. इतका सुंदर फोटो मी आजवर पाहिलेला नाही.

आता मामाकडे नवा डबा आहे. साधं एचबीए कार्ड, झेडएफएस, आणि दर रविवारी सगळ्याची एक कॉपी वेगळ्या डिस्कवर, जी स्टुडिओत नाही तर घरी असते. कारण रेड म्हणजे बॅकअप नव्हे, हे मी आधीच सांगायला हवं होतं. तोऱ्याच्या भरात राहून गेलं.

डबा बसवून झाल्यावर मामाने एकच प्रश्न विचारला, "आता हे कार्ड मेलं तर?"

"कुठलंही दुसरं लावायचं."

त्याने माझ्याकडे जरा संशयानेच पाहिलं. मग मार्कर घेऊन डब्याच्या झाकणावर हे वाक्य लिहिलं, आणि खाली माझा मोबाइल नंबर.